दैववादी कोण?
कर्मसिद्धांताने हिंदू दैववादी झाला, हा मिशनऱ्यांचा जुना आक्षेप. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. पुढे त्यांचे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन पंथाकडे गेले. त्या पंथाची वेस्टमिन्स्टर मतघोषणा काय सांगते? कोण तरणार, कोण अनंत मृत्यूला जाणार, हे ईश्वराने सृष्टीपूर्वीच ठरविले. ती संख्या वाढत नाही, घटत नाही. तरीही मानवी इच्छेवर बळजबरी नाही, असेही तेथेच लिहिलेले! मग करवीरात उपदेश कोणासाठी? उपदेशही ईश्वरयोजितच, हे ठरीव उत्तर. कर्मसिद्धांतात निदान भोग स्वतःच्या कर्माचा आणि पुढील कर्म स्वतःच्या हाती. १९०३ मध्ये अमेरिकेतील मंडळीने ‘देवाचे प्रेम सर्व मानवांवर’ असा खुलासा जोडला; मूळ वाक्य मात्र खोडले नाही.