पूर्णभूताची साक्ष

फ्रेंच कथनात्मक गद्याविषयी मराठीत सैद्धान्तिक चर्चा सुरू झाली की ती दोन काळरूपांभोवती घोटाळू लागते. एक 'पासे सांप्ल', म्हणजे जवळजवळ लेखनापुरता उरलेला साधा भूतकाळ. दुसरा 'पासे कोंपोझे', म्हणजे बोलण्यातला संयुक्त भूतकाळ. रोलां बार्त यांनी १९५३ मध्ये पहिल्याला 'साहित्य' नावाच्या संस्थेची खूण ठरवले. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५९ मध्ये 'इतिहास' आणि 'संभाषण' अशा उक्तीच्या दोन पातळ्या कल्पून या दोन रूपांना त्यांच्या सीमेवर उभे केले. त्याआधी, १९४३ मध्येच, सार्त्र यांनी काम्यूच्या 'लेत्रांजे' या कादंबरीतील प्रत्येक वाक्य एकेक बेट असल्याचे सांगून त्याचे श्रेय पासे कोंपोझेला दिले होते. ही तीन मते एका दमात उद्धृत करण्याचा आता प्रघातच पडला आहे. तिसरे एक रूप, 'प्ल्यू-क-पार्फे' ऊर्फ पूर्णभूत, मात्र भाषावर्गाच्या वहीत पाठांतरासाठी सोडून दिलेले असते. ही उपेक्षा क्षुल्लक नाही. कारण ज्या विरोधावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो विरोध नेमका या रूपापाशी नाहीसा होतो.

रूप चालवायला सोपे आहे. सहायक क्रियापद अपूर्ण भूतकाळात, पुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. 'पार्तीर', म्हणजे निघून जाणे, हे नित्याचे क्रियापद घेतले तर जेते पार्ती, त्यू एते पार्ती, इलेते पार्ती, नूझेत्यों पार्ती, वूझेत्ये पार्ती, इल्झेते पार्ती. वर्गात ही सहा रूपे घोकली की विषय संपतो. वस्तुतः तो येथे सुरू व्हायला हवा. 'तो निघून गेला' हे लेखी कथनात 'इल पार्ती' आणि बोलण्यात 'इल ए पार्ती' असे होते. आता हेच कुणीतरी पूर्वी घडलेले म्हणून सांगितले, किंवा एखाद्या पात्राच्या मनातून आले, की दोन्हींच्या जागी एकच रूप येते: 'इलेते पार्ती'. ग्रंथाची खूण आणि तोंडची बोली यांतला ज्याचा एवढा गवगवा झाला तो भेद, एक पायरी मागे सरकताच, पुसला जातो.

बेनव्हेनिस्त यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यांच्या मांडणीत पूर्णभूत 'इतिहासा'च्या काळांत आहे आणि 'संभाषणा'लाही खुले आहे. संभाषणाला वर्ज्य केले आहे ते फक्त पासे सांप्ल. दोष आहे तो त्यांची दोन रकान्यांची मांडणी घेताना दोन्हीकडे वावरणारे रूप गाळणाऱ्या अनुयायांचा. यावर असा आक्षेप येईल की अप्रत्यक्ष कथनातील काळबदल ही व्याकरणाची यांत्रिक सक्ती आहे, तिच्यात वाङ्मयीन अर्थ शोधू नये. परंतु १८५७ च्या 'मादाम बोव्हारी'त फ्लोबेरने मुक्त अप्रत्यक्ष कथनाचे जे सामर्थ्य उभे केले त्यात या सक्तीचाच मोठा वाटा आहे: पूर्णभूतातील वाक्य निवेदकाचे की एम्माचे, हे रूपावरून ठरवता येत नाही. (प्रूस्तने १९२० मध्ये फ्लोबेरच्या शैलीवर लिहिताना अपूर्ण भूतकाळाचे मनसोक्त गुणगान केले, त्या काळाच्या सावलीत पूर्णभूत तेव्हापासून उभाच आहे.)

सर्वांत बोलका दाखला मात्र सार्त्रने निवडलेल्या कादंबरीतच सापडतो. पहिल्या भागात मर्सो आईच्या अंत्यविधीची हकिगत सांगतो ती पासे कोंपोझेत: एक कृती, मग दुसरी, मधे 'म्हणून' नाही. दुसऱ्या भागात खटला उभा राहतो. वृद्धाश्रमाचा संचालक साक्ष देतो आणि त्याचे शब्द मर्सोच आपल्याला सांगतो. फ्रेंचच्या नियमानुसार ते पूर्णभूतात येतात. याने आईचे अखेरचे दर्शन घेतले नव्हते, हा रडला नव्हता, दफन होताच निघून गेला होता. न रडणे ही मुळात घटनाच नव्हे. तिला घटनेचा दर्जा मिळतो तो न्यायालयात, मागे वळून पाहणाऱ्या या रूपात. सुटी बेटे येथे एका साखळीत ओवली जातात आणि त्या साखळीने माणूस फासापर्यंत, म्हणजे फ्रान्सच्या रीतीने गिलोटिनपर्यंत, नेला जातो. सार्त्रचे निरीक्षण पहिल्या भागापुरते अचूक आहे. पण त्या बेटांचे पुढे काय केले जाते हे न पाहता केलेले काळविवेचन म्हणजे अर्धी कादंबरी वाचणे होय.

मराठी अभ्यासकाची अडचण आणखी एक आहे आणि ती तो सहसा कबूल करीत नाही. 'तो गेला' हे मराठी रूप स्वयंपाकघरातही चालते आणि कादंबरीतही. त्याला 'साधा भूतकाळ' म्हटल्याने ते पासे सांप्ल होत नाही. उलट 'काल आम्ही पुण्याला गेलो होतो' या वाक्यात पूर्णभूताचे रूप आहे, पण त्याला आधार म्हणून दुसरी कोणतीही गतघटना लागत नाही. फ्रेंच पूर्णभूत सहसा अशा दुसऱ्या बिंदूवाचून उभा राहत नाही. शिवाय मराठीत परोक्त वाक्याचा काळ बदलण्याची सक्ती नाही. संचालकाची साक्ष अनुवादक 'मी रडलो नव्हतो' अशी देऊ शकतो किंवा 'मी रडलो नाही' अशीही. दुसरा पर्याय कानाला अधिक स्वाभाविक वाटतो. पण तो घेतला की साक्ष आणि मर्सोचे स्वतःचे निवेदन एकाच काळात येतात, आणि त्याचे जगणे व त्या जगण्याचे आरोपपत्र यांत मूळ संहितेने राखलेले अंतर मिटते. अशा अनुवादावर बोट ठेवून कुणी काम्यूच्या काळरूपांवर निबंध लिहिला, तर तो ज्या फरकाविषयी बोलेल तो फरक त्याच्यासमोरच्या पानावर नसेल.