बीकेसी फक्त दहा मिनिटं?

मंडळी, मागच्या महिन्यात नागपूरहून ताई बीकेसीत इंटरव्ह्यूला आली. लोकमान्य टिळक टर्मिनसजवळची रूम मीच बुक केली. जाहिरातीत ‘बीकेसी दहा मिनिटांवर’ होतं ना! सकाळी नऊला रिक्षात पन्नास मिनिटं गेली. ताई कशीबशी पोचली, बोलणी मी खाल्ली.

फंडा सोपा आहे. टर्मिनस कुर्ला पूर्वेला, बीकेसी पश्चिमेला, मध्ये रेल्वेचे रूळ. मीटिंग असेल तर पश्चिमेलाच राहा. पहाटेची गाडी असेल तर टर्मिनसजवळ. शॉपिंग, सिनेमा करायचाय? एलबीएस मार्गावर फिनिक्स मार्केटसिटीच्या आसपास बघा.

आणि भाडं टॅक्स धरूनच विचारा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के जीएसटी आहे.

ताईला नोकरी लागली. आता ती घर शोधतेय, पण नकाशा माझ्या हातात देत नाही!