'तेव्हाचा खेळच वेगळा होता' म्हणणाऱ्यांनो, स्कोअरबुक दाखवा!

अमेरिकेतला जुना बेसबॉलप्रेमी आठवणींत शिरला की त्याचे डोळे पाणावतात. वडिलांचा हात धरून पाहिलेला पहिला सामना, रेडिओवरची कॉमेंट्री, ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड, उशाखाली जपलेली खेळाडूंची कार्डे. आणि मग ते ठरलेले वाक्य: "तेव्हाचा खेळच वेगळा होता, तेव्हा फक्त गुणवत्ता चालायची."

मित्रांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? आपल्याकडे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरही ते ऐकू येते. एखाद्याच्या बालपणीच्या आनंदावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो "फक्त गुणवत्ता" या दोन शब्दांवर.

१८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या लीगमध्ये खेळला. त्यानंतर दारे बंद झाली ती थेट १९४७ पर्यंत. विशेष म्हणजे काळ्यांना घेऊ नये असा नियम मेजर लीगच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. मालकांचा आपसातला अलिखित समझोता होता, बस्स! न लिहिलेला नियम किती कडक पाळला जातो, हे जातीच्या देशात राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

बेब रूथचे ७१४ होमरन, टाय कॉबची सरासरी हे सगळे विक्रम त्याच बंद दारांआडचे. सॅचेल पेजसारखा गोलंदाज समोर येऊच द्यायचा नाही आणि मग आपणच सर्वश्रेष्ठ म्हणून मिरवायचे. साठेक वर्षे गोऱ्यांना शंभर टक्के आरक्षण होते, पण त्याला कुणी आरक्षण म्हटले नाही. त्याला 'मेरिट' म्हटले आणि त्याचे पुतळे उभारले.

दाराबाहेर काय चालले होते? १९२० साली रूब फॉस्टर यांनी निग्रो नॅशनल लीग उभी केली. काळ्या खेळाडूंचे संघ बसमधून गावोगाव फिरत. अनेक ठिकाणी हॉटेलात खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. जोश गिब्सन यातलाच. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. पेजला संधी मिळाली ती १९४८ साली, ४२ व्या वर्षी.

१९६९ मध्ये कोणत्या लीग 'मेजर' मानायच्या हे ठरवायला समिती बसली. तिने सहा लीग निवडल्या. निग्रो लीगचा विचारसुद्धा झाला नाही. अखेर २०२४ च्या मे महिन्यात १९२० ते १९४८ या काळातले तेवीसशेहून अधिक निग्रो लीग खेळाडू अधिकृत आकडेवारीत आले आणि .३७२ सरासरीचा गिब्सन .३६७ च्या कॉबला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेला. मरणानंतर ७७ वर्षांनी!

हे घडले कशामुळे? गोऱ्यांचे हृदयपरिवर्तन एवढेच कारण सांगणाऱ्यांनी जरा थांबावे. पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर यांसारखी काळ्यांची स्वतःची वृत्तपत्रे होती. त्यांनी सामन्यांचे तक्ते छापले. पुढे संशोधकांनी त्या फायली चाळून एकेक धाव जुळवली. वेंडेल स्मिथसारखे पत्रकार नुसते वृत्तांत लिहीत नव्हते, रंगबंदीविरुद्ध मोहीम चालवत होते. गोऱ्या चाहत्याजवळ आठवण होती, यांनी नोंद ठेवली. तीच कामी आली.

आता रॉबिन्सनविषयी. दरवर्षी १५ एप्रिलला मेजर लीगमधले सगळे खेळाडू ४२ क्रमांकाचा शर्ट घालतात. छान दिसते. पण गौरव होतो तो कोणत्या रॉबिन्सनचा? शिव्या खाऊनही गप्प राहिलेल्या, सोशिक रॉबिन्सनचा. १९४४ साली लष्करात असताना बसच्या मागच्या भागात जायला नकार देऊन कोर्ट मार्शलला सामोरा गेलेला आणि निर्दोष सुटलेला रॉबिन्सन त्या सोहळ्यात मावत नाही. १९७२ च्या आत्मचरित्रात आपण झेंड्याला वंदन करू शकत नाही असे लिहिणारा तर मुळीच नाही. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये त्याचा सत्कार झाला, तर तिथेही तो म्हणाला की काळा मॅनेजर दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी तो गेला. पहिला काळा मॅनेजर आला १९७५ मध्ये.

पण आपणही त्याला देव करू नये. १९४९ मध्ये याच रॉबिन्सनने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे पॉल रोबसनविरुद्ध साक्ष दिली. त्याच साक्षीत त्याने वर्णद्वेषावर केलेली टीका वृत्तपत्रांनी मागे सारली आणि रोबसनवरची टीका मोठी करून छापली. १९६० ला त्याने निक्सनचा प्रचार केला. प्रस्थापितांना आपला नायक आपल्याच माणसाविरुद्ध वापरायला फार आवडते.

इथे मला पालवणकर बाळू आठवतात. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. पुण्यात हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी चालत होती, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदूंचे कर्णधारपद त्यांना कधीच रीतसर मिळाले नाही. ते मिळाले धाकट्या विठ्ठलना, १९२३ मध्ये, भांडून. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले.

त्या एका निवडणुकीमुळे आपल्यातल्या अनेकांनी बाळूंचे नाव टाकून दिले आहे. मला हे मान्य नाही. त्यांची राजकीय भूमिका चुकीची होती असे ठणकावून सांगा, पण त्यांचे बळी मोजायचे सोडू नका. आपण ते सोडले तर सवर्ण क्रिकेटप्रेमी आपल्या सोयीचा, 'क्रिकेटने जात मिटवली' असे सांगणारा बाळू उभा करतील. किंबहुना तो उभा राहिलाच आहे.

विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहिले. आपल्या किती वाचनालयांत ते आहे? पालवणकरांची गोष्ट आपल्या बऱ्याच पोरांपर्यंत पोचली ती रामचंद्र गुहांच्या इंग्रजी पुस्तकातून. आणि जयंतीनिमित्त वस्त्यावस्त्यांत होणाऱ्या कबड्डीच्या, क्रिकेटच्या स्पर्धांचे काय? डीजेचे बिल मंडळाच्या फायलीत सापडते. अंतिम सामन्यात कोण खेळले, कुणी किती गुण घेतले, ते मात्र कुठेच सापडत नाही. येत्या १४ एप्रिलला वर्गणीतून आधी एक जाड वही आणा आणि नीट अक्षर असलेल्या एखाद्या पोरीला सीमारेषेवर लिहायला बसवा.