सरपणासाठी कटर मशीन : घ्यावं की नाही, आणि घ्यायचं तर कोणतं

गळीत हंगाम सरत आला, टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या, की आपल्या भागात दुसरी एक तोड सुरू होते. बांधावरच्या बाभळीचे फाटे, वाळका सुबाभूळ, वळवाने आडवं केलेलं एखादं झाड, हे सगळं पावसाळ्याआधी कापून, फोडून, छपराखाली रचायचं असतं. घरोघरी गॅस आला तरी अंघोळीचा बंब काही गेला नाही, आणि लग्नकार्याला, जत्रेला मोठी चूल लागतेच. पूर्वी हे काम कुऱ्हाडीवर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर चाले. आता मार्च लागला की वस्तीवस्तीवरून मशीनचा घरघराट ऐकू येतो. कुणी त्याला चेन-सॉ म्हणतं, कुणी कटर मशीन, कुणी नुसतंच ‘मशीन’. ते घ्यावं की नाही, घ्यायचं तर कसलं, असं आम्हाला चारपाच सभासदांनी विचारलं. कारण आमच्या घरी एक मशीन आलं होतं आणि त्याने काय केलं हे गावाला माहीत आहे. तेव्हा जे झालं ते आधी सांगून टाकतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला तेव्हा नदीकाठच्या आमच्या रानात बाभळी, करंज आडवे पडले होते. ऊस तर गेलाच होता, निदान जळण तरी हाती लागावं म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, “किती सीसीचं दाखवू?” आम्हाला सीसी म्हणजे मोटरसायकलचीच माहिती. जास्त सीसी म्हणजे जास्त ताकद, या हिशेबाने ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं मशीन आम्ही उचललं. शेजारी ३० सीसीच्या घरातलं, १४ इंची पट्टीचं, नावाजलेल्या कंपनीचं छोटं मशीन होतं. ते किमतीला दुपटीहून जास्त आणि दिसायला निम्मं. आम्हाला वाटलं, दुकानदार आपल्याला येड्यात काढतोय.

आमच्या मशीनच्या पुढच्या मुठीसमोर काळ्या प्लॅस्टिकचं एक कवच असतं, ते वाहतुकीत मोडलेलं होतं. दुकानदार म्हणाला, “त्याचं काही काम नाही, हाताला फांदी लागू नये म्हणून असतं ते.” आम्ही शंभर रुपये कमी करून घेतले आणि खूष झालो. ते कवच म्हणजे साखळीचा ब्रेक होता, हे आम्हाला तीन आठवड्यांनी दवाखान्यात कळलं.

झालं असं. धाकटा भाऊ बाभळीच्या बेचक्यात फांदी कापत होता. पट्टी लांब, त्यामुळे तिचं टोक पलीकडच्या दुसऱ्या फांदीला टेकलं आणि मशीन उसळून सरळ अंगावर आलं. खांद्याला ११ टाके पडले. मान चार बोटं अलीकडे होती म्हणून आज हे लिहितो आहोत. त्याचा हात महिनाभर गळ्यात होता आणि त्या साली आडसालीची लागण आमच्या वहिनींनी गडी लावून उरकली.

ही उसळी कशी येते ते समजून घेतल्याशिवाय कुणीही मशीनला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. साखळी पट्टीच्या वरच्या अंगाने आपल्यापासून पुढे पळते आणि खालच्या अंगाने आपल्याकडे परत येते. म्हणून खालच्या अंगाने कापताना मशीन लाकडाला ओढून धरतं, काम सुरळीत होतं. पण पट्टीच्या नाकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला, की तिथला दात चावा घेतो, पुढे जायला वाट नसते, आणि सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. ताकदीचा गडी असला तरी धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी डाव्या हाताचं मनगट त्या काळ्या कवचावर आदळतं किंवा झटक्यानेच ते पुढे पडतं, आणि साखळी जागच्या जागी थांबते. परदेशात साधारण १९७० च्या दशकापासून हा ब्रेक मशीनवर येऊ लागला. आपण तो मोडका घेतला आणि वर सूट मागितली!

आता मशीन निवडण्याचं. घरच्या सरपणाला लागणारं लाकूड बहुतेक हाताच्या जाडीपासून फार तर फूटभर जाडीपर्यंत असतं. त्याला १४ किंवा १६ इंची पट्टी भरपूर झाली. त्याहून जाड बुंधा वर्षातून एखादाच निघतो, तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. लांब पट्टी म्हणजे लांब नाक, आणि नाक डोळ्यांपासून जितकं दूर तितकं ते कुठे टेकतं ते दिसत नाही. शिवाय वजन पाहा. छोट्या मशीनचं इंजिनचं अंग चार-साडेचार किलोचं असतं. आमचं धूड पट्टी, तेल, पेट्रोल धरून आठच्या घरात जाई. सकाळी ते खेळणं वाटतं, बाराच्या सुमाराला हात थरथरायला लागतात, आणि अपघात बाराच्या सुमारालाच होतात.

सीसीपेक्षा दाताकडे लक्ष द्या. या साखळीच्या दाताची गोष्ट मोठी गमतीची आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवरची साखळी-करवत केली, ती ६४ किलोची होती आणि दोघांनी उचलावी लागे. पुढे इंजिनं हलकी झाली, पण दात जुन्या करवतीसारखेच राहिले, सारखी धार लावावी लागे. १९४६ साली अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या आकड्यासारख्या जबड्यांनी डावीकडे-उजवीकडे लाकूड खरवडत जाते. तसे डावे-उजवे दात त्याने साखळीला बसवले, आणि आजही तुमच्याआमच्या मशीनवर तेच आहेत. आपण हुमणीला शिव्या देतो, तिकडे एकाने अळीकडून धंदा शिकला.

तर हा दात बोथट झाला की ५८ सीसी काय आणि ८० सीसी काय, सगळं वाया. ओळख सोपी आहे : लाकडाच्या बारीक ढलप्या उडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली. मग माणूस मशीनवर रेटा देतो, पट्टी तापते, लाकडातून धूर निघतो. टाकी संपली की पेट्रोल भरायच्या आधी गोल कानस फिरवायची, असा नेम ठेवा. बहुतेक छोट्या साखळ्यांना ४ मिलिमीटरची कानस लागते, तरी आकार पुस्तिकेत पाहूनच घ्यावी. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर मशीन वाकडं कापतं. पुरात वाहून आलेल्या लाकडाच्या सालीत वाळू असते, ती दहा मिनिटांत धार खाते. साल आधी कुऱ्हाडीने उडवा. बांधावरच्या जुन्या बाभळीत कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असतो, तेही बघून घ्या.

पेट्रोलचा विषय आपल्या सभासदांना जरा अवघड वाटेल, पण सांगायलाच हवा. आपल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, २०२५ साली ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, त्यातून कारखान्याला आणि पर्यायाने आपल्या बिलाला आधार मिळतो. मात्र हेच इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मशीन दोन-दोन महिने कोपऱ्यात पडलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं, त्यात ऑईल मिसळत नाही, आणि इंजिन कोरडं फिरून जाम होतं. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदाही कडक होतो. त्यात काही मशीनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते. तेव्हा घेतानाच विचारा, की हे २० टक्क्यांच्या पेट्रोलला चालतं का, आणि उत्तर पुस्तिकेतून दाखवायला सांगा. काम संपलं की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं आणि मगच ठेवून द्यायचं. इथेनॉलचा दोष नाही, आपल्या आळसाचा आहे.

ऑईलचं माप पुस्तिकेप्रमाणेच. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, पंचवीसास एक म्हणजे ४० मिली. अंदाजाने टोपणभर ओतू नये, आणि टू-स्ट्रोकचंच ऑईल वापरावं. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिथे ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओतायची रीत पडली आहे. त्यातल्या धातूच्या कणांनी पट्टी झिजते, पंप तुंबतो, आणि ते ऑईल उडून आपल्याच अंगावर आणि रानात पडतं.

ज्यांची सगळी तोड घराजवळच्या खळ्यावर होते, त्यांनी विजेवरच्या मशीनचा विचार जरूर करावा. ओढून सुरू करायची कटकट नाही, पेट्रोल नाही, आवाज कमी. साधारण २००० वॉटचं मशीन ९ अँपिअरच्या आसपास ओढतं, त्यामुळे मोठं सॉकेट आणि जाड तांब्याची वायर हवी. बारीक वायर पन्नास फूट ओढली तर दाब पडून मोटार जळते. ओल्यात मात्र ते वापरायचं नाही. उसळी त्यालाही येते, हेही विसरू नये.

दुकानात काय पाहावं? मशीन आपल्यासमोर सुरू करायला लावा. नुसतं चालू असताना, रेस न देता, साखळी फिरता कामा नये. रेस देऊन ब्रेक पुढे ढकला, साखळी तत्काळ थांबली पाहिजे. पट्टीचं टोक कागदासमोर धरून रेस दिली की कागदावर तेलाचे थेंब उमटले पाहिजेत. सुटी साखळी, पट्टी, प्लग तालुक्यात मिळतात का, दुरुस्ती कोण करतं, हे विचारा. आमच्या धुडाचा एक वायसर वर्षभर मिळाला नाही, शेवटी ते भंगारात घातलं. डोळ्यांना चष्मा, कानाला बोळे, पायात जाड बूट हे तर हवेतच. धोतर, लुंगी, गळ्यातला टॉवेल काढून ठेवा. आणि एकट्याने रानात मशीन चालवू नका.

एवढं सगळं सांगून आमचं खरं मत असं, की दहापैकी सात घरांना स्वतःचं मशीन लागतच नाही. वर्षाचं बंबाचं जळण दोन दिवसांत कापून होतं. उरलेले ३६३ दिवस ते कोपऱ्यात बसून बिघडतं, नाहीतर घरातल्या तरण्या पोरांचे हात शिवशिवायला लावतं. आम्ही पाहिलं आहे, मशीन दारात आलं की बांधावरचं प्रत्येक झाड उसाला सावली करतंय असं वाटायला लागतं. आजोबांनी लावलेलं चिंचेचं झाड पंधरा मिनिटांत आडवं होतं. आणि महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, खैर, चंदन अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. ‘बांध माझा, झाड माझं’ हे तिथे चालत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : वस्तीवरच्या चारपाच घरांनी मिळून एक चांगलं, मध्यम, ब्रेक शाबूत असलेलं मशीन घ्यावं. ते चालवणारा माणूस एकच ठरवावा, त्याला दिवसाचा पगार द्यावा, आणि कानस त्याच्याच खिशात असावी. भावकीत मशीन फिरतं ठेवलं तर ते महिन्यात मोडतं, हा आमचा दुसरा अनुभव, पण तो लिहिला तर घरात भांडण होईल. कारखान्याच्या भांडारात गोल कानशी, दोन-तीन मापांच्या साखळ्या आणि साखळीपासून मांडी वाचवणाऱ्या जाड पॅन्टी ठेवाव्यात, असा विषय आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. ज्यांना तो पटतो त्यांनी आधी आपल्या गटाच्या संचालकांच्या कानावर घालावा. सभेत ऐनवेळच्या विषयांना किती वेळ मिळतो हे आपण सारे जाणतोच.