सरासरीत न मावणारी बाई

वर्ध्याला दवाखान्यांची काय वाण, असं बाहेरच्या मैत्रिणी म्हणतात. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय, सावंगीला दुसरं. पण दोन्ही वर्धा शहराला लागून. त्यांच्या खाटा जिल्ह्याच्या लोकसंख्येत वाटल्या की आकडा झकास दिसतो. मी आष्टी-कारंजाकडच्या गावांत काम करते. तिथली बाई त्या खाटेपर्यंत जायची तर दिवस मोडतो. एसटीचं तिकीट २०२३ पासून बायांना अर्धं झालं. निंदणाची मजुरी मात्र पुरती बुडते. मग ती दुखणं अंगावर काढते.

विदर्भाच्या अनुशेषावर आपण खूप बोललो. १९८४ ला दांडेकर समितीनं हिशेब जिल्हावार मांडला, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, २०२० ला त्यांची मुदतही संपली. आपल्या वाट्याचा पैसा मागायलाच हवा. पण जिल्ह्याच्या सरासरीत आष्टीची बाई दिसतच नाही, त्याचं काय?

दुसरीकडे, पैसा द्यायची रीतच बदलली. जागतिक बँकेच्या कर्जावरचा आरोग्य प्रकल्प २००५ पर्यंत चालला. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. यात सरकारचा पैसा ठरलेल्या उपचारांमागे जातो, मग रुग्णालय सरकारी असो की खाजगी. हृदयाच्या शस्त्रक्रियेला आधार मिळाला, हे मी नाकारत नाही. पण पांढरं पाणी, पाळीचा त्रास, अंगात रक्त नसणं, यांच्या साध्या तपासणीचा खर्च योजनेत बसत नाही. आणि जिथं मोठं रुग्णालयच नाही, तिथं हा पैसा पोचणार कसा?

विमा म्हटला की तो असाच असावा लागतो, असंही नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं गावांसाठी ज्वारीचा विमा चालवला. जमीनवाल्यानं जास्त द्यायचं, भूमिहीनानं कमी, आणि गावानं मिळून सामील व्हायचं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे बंद झाले. बरं झालं. पण तपासायला डॉक्टरीणबाई नसेल, तर फुकटचा केसपेपर घेऊन बाईनं करायचं काय?

तेव्हा मैत्रिणींनो, जिल्हा नियोजन समितीकडे तालुकावार हिशेब मागू या. कोणत्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञाची किती पदं मंजूर, किती भरलेली, आणि औषधांवर किती खर्च झाला. ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला दिवस बायांच्या तपासणीचा हवा, आणि तो बाजाराच्या दिवशीच हवा. त्या दिवशी बाया तशाही गावात येतात.