मुलाच्या हातातला पाना काढून घेऊ नका

संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. शहादा तालुक्यातले एक ट्रॅक्टर मेकॅनिक डोळ्यावर हात दाबून आत आले. सोबत त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. डोळा लालबुंद, पाणी वाहतंय, उजेड सहन होत नाही. काय झालं विचारल्यावर म्हणाले, "काही नाही साहेब, ग्राइंडर मारत होतो, कचरा गेला. रुमालाच्या टोकाने काढायला गेलो, निघत नाही."

कशासाठी ग्राइंडर? याचं उत्तर मुलाने दिलं. घरच्या अंगणात बाप-लेक मिळून गाडी बनवत होते. भंगारातल्या स्कूटरचं इंजिन, लोखंडी अँगलची चेसिस, चार लहान चाकं आणि दोन सीटं. चार महिन्यांपासून रोज संध्याकाळी काम चालायचं. मुलगा टॉर्च धरायचा, नट आवळायचा, मापं वहीत लिहायचा. हे सांगताना वडिलांच्या डोळ्याची काळजी बाजूला राहून त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

वडिलांच्या बुबुळावर लोखंडाचा कण रुतून बसला होता. मी त्यांना लगेच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, कण निघाला, नजर वाचली. पण पाठवण्याआधी मी त्यांना चांगलंच सुनावलं. "स्वतःचा डोळा घालवायला निघालात, उद्या पोराचा जाईल. लहान मुलाचं हे काम आहे का? त्याला या सगळ्यापासून लांब ठेवा." दोघंही मान खाली घालून गेले. मला वाटलं, डॉक्टर म्हणून मी योग्य तेच बोललो.

दोन-अडीच महिन्यांनी त्या मुलाची आई त्याला घेऊन आली. डोकं दुखतं, रात्री उशिरापर्यंत झोप नाही, सकाळी शाळेसाठी उठवत नाही, बोललं की चिडतो. तपासणीत काही सापडलं नाही. शाळेतून आल्यावर काय करतोस, असं विचारलं. "मोबाइल." आणि गाडीचं काय झालं? त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुम्हीच नाही म्हणालात ना. पप्पांनी झाकून ठेवली."

तो दिवस मला लागला. सल्ला मीच दिला होता आणि तो अर्धा चुकीचा होता. धोका खरा होता, पण मी धोक्यासोबत कामही बंद केलं. दोन गॉगल घ्या, एवढं सांगायला हवं होतं, ते सांगितलंच नाही. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती समजा.

हे वेड नवीन नाही

परदेशात याला 'किट कार' म्हणतात. कंपनी गाडीचे सुटे भाग पेटीत घालून देते आणि घरच्या गॅरेजमध्ये ते जोडायचे. इंग्लंडमध्ये 1957 साली आलेली 'लोटस सेव्हन' ही अशीच गाडी होती. जोडलेल्या गाडीवर जो कर लागायचा तो सुट्या भागांवर वाचायचा, म्हणून तिथे हा छंद फोफावला. 1973 पासून तीच गाडी 'केटरहॅम' कंपनी बनवते आणि आजही ती सुट्या भागांत विकत घेता येते.

आपल्याकडे पेटी मिळत नाही, पण भंगार मिळतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. त्यांनी मुलाची हौस म्हणून जुन्या गाड्यांच्या भागांतून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे साठ हजार रुपये, आणि जीप सुरू करायची मोटरसायकलसारखी किक मारून. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्या जीपचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला आणि जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. बातम्यांमध्ये बोलेरो गाजली. मला मात्र त्या आधीच्या संध्याकाळींचं कौतुक वाटतं. वडील लोखंड कापतायत आणि घरातली मुलं बघतायत, हे बोलेरो मिळाली नसती तरी वाया गेलं नसतं.

यात आरोग्याचा काय संबंध?

आधी खरं सांगतो. गाडी बनवल्याने मुलगा हुशार होतो किंवा त्याचं डोकं दुखणं थांबतं, असं मी म्हणणार नाही. हे औषध नाही. पण डॉक्टर म्हणून चार गोष्टी मला दिसतात.

पहिली, हालचाल. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं अंग हलेल, थोडा दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नट आवळणं म्हणजे धावणं नव्हे, हे मान्य. पण उठबस, ओढाताण, चाक ढकलणं, हे गादीवर आडवं पडून मोबाइल बघण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसरी, डोळे. बाहेरच्या उजेडात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना मायनस नंबरचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अंगणात दिवसाउजेडी काम केलं तर हा फायदा मिळतो. रात्री बल्ब लावून केलं तर नाही.

तिसरी, झोप. संध्याकाळी हात दमले आणि रात्री मोबाइल लांब राहिला, तर मुलाला झोप लवकर लागते. त्या मुलाच्या बाबतीत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

चौथी गोष्ट तपासणीत दिसत नाही. वाढत्या वयातला मुलगा समोरासमोर बसवून "काय चाललंय तुझं?" विचारलं की "काही नाही" म्हणतो. तोच मुलगा शेजारी बसून बोल्ट घट्ट करताना शाळेतलं भांडण, मार्कांची भीती, मित्राने केलेली चेष्टा, सगळं सांगून टाकतो. नजर हातातल्या कामाकडे असते, म्हणून बोलणं सोपं जातं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं हंगामात कामाला गुजरातकडे जातात आणि वडील महिनोन्महिने मुलाच्या वाट्याला येत नाहीत. जे थोडे दिवस मिळतात, त्यात एकत्र केलेलं एखादं काम मुलाला वर्षानुवर्षं आठवतं.

आणि हो, मी "मुलगा" लिहितोय, पण हे मुलीलाही तसंच लागू आहे. टॉर्च फक्त मुलाच्या हातात आणि झाडू मुलीच्या हातात, असं करू नका.

मी तेव्हा काय सांगायला हवं होतं

डोळे. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारते. तिथून उडालेला कण गरम असतो आणि पापणी मिटण्याआधी डोळ्यात जातो. नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल पुरत नाही, बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल हवा. तोही दोन, एक काम करणाऱ्याला आणि एक बघणाऱ्याला. चकतीवरचं पत्र्याचं कव्हर काढून ग्राइंडर कधीच चालवू नका.

कण गेलाच तर डोळा चोळू नका. रुमाल, काडी, मिशरीचं बोट काहीही लावू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि तरीही खुपत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लोखंडाचा कण राहिला तर बुबुळावर गंज धरतो. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका, काही थेंबांत स्टिरॉइड असतं आणि जखम चिघळते. छिन्नी-हातोडीच्या कामात डोळ्याला काही लागलं आणि नजर धूसर झाली, तर दुखत नसलं तरी थांबू नका. कण डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो. अशा वेळी डोळा धुवूही नका आणि दाबूही नका.

वेल्डिंग. वेल्डिंगचा उजेड नुसता बघितला तरी बुबुळ भाजतं. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. म्हणून वेल्डिंग करताना मूल तिथे नकोच. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर त्या धुराने थंडी वाजून ताप येऊ शकतो. ते काम मोकळ्या हवेत करा.

पेट्रोल. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची आपल्याकडे वाईट सवय आहे. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवघेणा न्यूमोनिया होतो. पोटात गेलं तर उलटी काढू नका, उलटी करतानाच ते फुप्फुसात जातं. 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. पेट्रोल, डिझेल, बॅटरीचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. लहान भावंडं तहान लागली की बाटली उचलतात. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली 15 ते 20 मिनिटं धुवा आणि मगच दवाखान्याला निघा.

धूर. बंद खोलीत किंवा शेडमध्ये इंजिन सुरू करू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस बेशुद्ध पडतो.

धनुर्वात. लोखंड लागलं की लोक गंजाला घाबरतात. धनुर्वाताचे जंतू मुळात मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे अंगणातली कुठलीही जखम धोक्याची असू शकते. सरकारी लसीकरणात 10 आणि 16 वर्षांच्या वयात टीडीची लस मोफत मिळते. मुलाची राहिली आहे का बघा. स्वतःची शेवटची कधी घेतली तेही आठवा.

जॅक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही, बापानेही नाही. खाली भक्कम ठोकळे लावूनच आत जा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची मुलं बरीच आहेत. अशा मुलाने हे काम करू नये असं नाही. पण दुपारचं ऊन टाळा, दर थोड्या वेळाने पाणी द्या आणि दमला की थांबवा. शरीरातलं पाणी कमी झालं की अंगदुखीचा झटका येऊ शकतो.

कोणतं काम कुणाचं?

माझी साधी वाटणी अशी आहे. मापं घेणं, चित्र काढणं, सुटे भाग रॉकेलऐवजी साबणाच्या पाण्याने धुणं, हाताने नट आवळणं, रंग लावणं, चूक शोधणं, हे मुलाचं काम. कापणं, घासणं, जोडणं, वायरिंगला करंट देणं, पेट्रोल भरणं, हे मोठ्याचं. मूल मोठं होईल तशी वाटणी बदलायची, पण ती मुलाच्या हट्टावर बदलू नये.

एक रेषा मात्र पक्की ठेवा. घरच्या गाडीवर काम करणारं मूल आणि गॅरेजवर कामाला लावलेलं मूल यांत फरक आहे. शाळा बुडत असेल, किंवा कंटाळा आला तरी मुलाला पाना खाली ठेवायची मुभा नसेल, तर ती हौस राहिली नाही, मजुरी झाली. तिचं समर्थन मी करणार नाही.

आणि रस्ता?

तयार झालेली गाडी रस्त्यावर काढू नका. आपल्याकडे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून मंजूर झाल्याशिवाय त्या गाडीची नोंदणी होत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. पण मी कायद्यापेक्षा दवाखान्यात बघितलेलं सांगतो. डोक्याला मार लागलेलं मूल आणणारा प्रत्येक बाप म्हणतो, "जवळच जायचं होतं." गाडी स्वतःच्या शेतात, सपाट जागेत, मोठा माणूस शेजारी बसवून, हेल्मेट घालून आणि माणसाच्या चालण्याच्या वेगाने चालवा. आणि इंजिन बसवण्याआधी ब्रेक बसवा.

"एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा नकोच ते," असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण "नको" म्हटल्यावर मूल सुरक्षित जागी जात नाही, ते कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतं. तिथला तोटा हळूहळू होतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. गाडीच हवी असंही नाही. सायकल पूर्ण खोलून पुन्हा जोडा, बंद पडलेला पंप उघडा, बैलगाडीचं जू दुरुस्त करा. काम खरं हवं आणि दोघांनी मिळून केलेलं हवं.

त्या दिवशी मी मुलाच्या आईकडे वडिलांसाठी निरोप दिला: डॉक्टरांचं चुकलं, गाडीवरचं कापड काढा, पण आधी दोन गॉगल आणा. परवा वडील रक्तदाब दाखवायला आले होते. गाडी अजून पूर्ण झालेली नाही. मागचं एक चाक घासतंय आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे चूक वडिलांच्या मापात आहे. डोकेदुखीचं विचारलं तर म्हणाले, "अधूनमधून म्हणतो. पण रात्री लवकर झोपतो आता."

तुमच्या घरी असं काही अर्धवट झाकून ठेवलेलं असेल, तर या रविवारी सकाळी उघडा. गॉगल शनिवारीच आणून ठेवा.