श्वास दोघांचा आहे

दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात आणि त्यांपैकी काहींना दमा असतो. अशा स्त्रीचा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच अर्थव्यवस्थेचाही आहे.

प्रथम वैद्यक. दिवस राहताच दम्याची औषधे बंद करावीत, हा समज मायेपोटी जन्मला असला तरी घातक आहे. गर्भाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून. तिचा श्वास कोंडला की त्याचाही कोंडतो. दमा आटोक्यात नसेल तर रक्तदाबाचे विकार, अकाली प्रसूती व कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो. गरोदरपणात सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचा दमा बळावतो, तितक्याच जणींचा ओसरतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. आपण कोणत्या गटात पडणार, हे आधी कळत नाही. म्हणून औषध चालू ठेवणे आणि वेळोवेळी तपासणी करणे, हाच मार्ग.

'गोळी सौम्य, पंप जहाल' हा समजही हिशेबाला टिकत नाही. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. मात्र हा फवारा तात्पुरता आराम देतो. श्वासनलिकांची सूज आवरण्यासाठी ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यायचे औषध रोज लागते, आणि गरोदरपणातील त्याच्या वापराचा अनुभव मोठा व आश्वासक आहे. तात्पुरता फवारा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यानेही धाप थांबली नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता दुसरी बाजू. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी दिली. पण सिलिंडर पुन्हा भरण्याइतके पैसे हाती नसले की तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांची चूल पेटते. फडावर तर उघड्यावरचीच चूल, आणि भोवती पाचटाची धूळ. अंगावर मुकादमाची उचल. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे खाडा. अशा बाईला 'धुरापासून दूर राहा' हा सल्ला देणे ही क्रूर थट्टा होय.

ब्युडेसोनाइड २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. दरमहा ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेव्हा आमची मागणी नवी नाही. जे कागदावर आहे ते हातात द्या, एवढीच आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही प्रकारचे पंप असावेत. ९ तारखेच्या तपासणीत दम्याची विचारपूस व्हावी. टोळी निघण्यापूर्वी गरोदर दमेकरीणीला हंगामभराचे औषध आणि उपचाराची नोंद असलेले कार्ड मिळावे. आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नये.

साखरेचा उत्पादनखर्च काढताना या स्त्रीचा श्वास कोणत्याच रकान्यात धरला जात नाही. तो धरला जाईपर्यंत तो हिशेब खोटाच म्हणावा लागेल.